सीडी ड्राईव्ह नसलेल्या छोट्या लॅपटॉपचा बॅकअप कसा घ्यायचा आणि परत कसा टाकायचा

ताईचा लॅपटॉप चालू होईना म्हणून दुकानात नेला तेव्हा दुकानदाराने एकच विचारलं, डेटा डी मध्ये आहे ना? आपल्याकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, विंडोज सी मध्ये, आपलं सामान डी मध्ये, विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट मारायचा आणि डी ला हात लावायचा नाही. ताईच्या लॅपटॉपला डी नव्हताच. ११ इंची स्क्रीन, ३२ जीबी स्टोरेज, एकच सी ड्राईव्ह आणि त्यातही निम्म्याहून जास्त जागा विंडोजनेच खाल्लेली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सहलीचे फोटो, निकालपत्रकं सगळं डेस्कटॉपवरच होतं. तिला वाटलं डेस्कटॉप म्हणजे वेगळी जागा, पण डेस्कटॉप सी मध्येच असतो. फॉरमॅट झालं आणि सगळं गेलं, आणि त्या दिवशी तिचा चेहरा बघितल्यापासून मी ओळखीतल्या प्रत्येकाला बसवून हे शिकवतेय, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

आधी हे समजून घ्या की छोटा लॅपटॉप वेगळा का आहे. मोठ्या जुन्या लॅपटॉपचं काही बिघडलं तर मागचे स्क्रू काढून हार्डडिस्क बाहेर काढता येते, तीन-चारशे रुपयांच्या केसिंगमध्ये टाकून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की फाईल्स मिळतात. स्वस्तातल्या छोट्या लॅपटॉपमध्ये डिस्क नसते, ईएमएमसी नावाची चिप असते आणि ती थेट मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, मोबाईलसारखीच. बोर्ड गेला की चिपमधलं काढणं फार अवघड आणि महाग. वर सीडी ड्राईव्ह नाही, म्हणजे घरात विंडोजची जुनी सीडी असली तरी ती घालायची कुठे. २००७ मध्ये आसुसने ७ इंची ईईई पीसी काढला तेव्हापासून छोट्या लॅपटॉपचं हे असंच आहे, हलका हवा म्हणून ड्राईव्ह काढून टाकला. बाहेरून यूएसबीला लावायचा डीव्हीडी रायटर मिळतो पण तो घेऊ नका असंच मी सांगेन, एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं आणि आपल्याला लागणार आहेत १०-१५ जीबी. सगळं काम यूएसबी पोर्टमधूनच करायचंय आणि ते लॅपटॉप चांगला चालू असताना करायचंय, बंद पडल्यावर नाही.

दुसरी गोष्ट, बॅकअप हा एकच शब्द असला तरी त्यात दोन कामं आहेत आणि लोकांची गल्लत इथेच होते. एक म्हणजे तुमच्या फाईल्स, फोटो, वर्ड, एक्सेल वगैरे, त्या कॉपी करून बाहेर ठेवणं. दुसरं म्हणजे अख्ख्या लॅपटॉपची इमेज, म्हणजे विंडोज, ड्रायव्हर (वायफाय, आवाज वगैरे चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं), प्रिंटरचं सेटिंग, टाकलेली सॉफ्टवेअरं सगळ्याचा एकत्र गठ्ठा, जो परत टाकला की लॅपटॉप त्या दिवशी होता तसा उभा राहतो. फाईल्सचा बॅकअप दर आठवड्याला, इमेज वर्षातून दोन-तीनदा किंवा काही मोठा बदल करायच्या आधी. दोन्ही पाहिजेत. एकच जमणार असेल तर फाईल्सचा घ्या, विंडोज परत मिळतं, सहलीचे फोटो नाही मिळत.

लागणारं सामान फार नाही. एक ८ जीबीचा पेन ड्राईव्ह, जो पूर्ण पुसला जाईल, त्यामुळे रिकामा करून घ्या. एक बाहेरची हार्डडिस्क किंवा एसएसडी (आत काही न फिरणारी डिस्क), ५०० जीबीची असली तरी भरपूर झाली. आणि लॅपटॉपला एकच यूएसबी पोर्ट असेल तर एक यूएसबी हब, शक्यतो स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला. हबचं का सांगतेय, तर फिरणाऱ्या हार्डडिस्कला करंट जास्त लागतो, साधा यूएसबी २ पोर्ट ५०० मिलीअँपियरसाठीच बनवलेला असतो, आणि छोट्या लॅपटॉपला पेन ड्राईव्ह, माउस आणि डिस्क एकाच साध्या हबवर लावलं की डिस्क टिक टिक आवाज करते, मध्येच गायब होते आणि बॅकअप ८० टक्क्यांवर फेल होतो. तो टिक टिक आवाज ऐकू आला तर लगेच समजा की करंट पुरत नाहीये, डिस्क खराब झाली असं लगेच धरू नका. एसएसडी घेतली तर हा त्रास बराच कमी होतो.

आणि हो, २ टीबीचा पेन ड्राईव्ह पाचशे रुपयात असं काही दिसलं तर घेऊ नका. तो आतून १६ किंवा ३२ जीबीचा असतो आणि खोटा आकार दाखवतो, कॉपी होताना सगळं बरोबर वाटतं, उघडायला गेलात की फाईल्स खराब. शंका असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते अख्खा ड्राईव्ह भरून परत वाचून बघतं, रात्री लावून झोपा, सकाळी खरं काय ते कळतं.

आधी फाईल्स

बाहेरची डिस्क लावा, तिच्यावर आजच्या तारखेचं फोल्डर बनवा, उदाहरणार्थ २०२६-०१-१५, असं वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप ओळीने लागतात. त्यात सी मधलं यूजर्स आणि त्याच्या आतलं तुमच्या नावाचं फोल्डर उघडून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स, व्हिडिओज कॉपी करा. एवढं सगळे करतात. राहतं ते पुढचं.

वनड्राईव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कदाचित वनड्राईव्हच्या फोल्डरमध्ये हलवलेले असतील, आणि ज्या फाईलच्या शेजारी निळ्या ढगाचं चित्र आहे ती फाईल तुमच्या लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव दिसतंय. छोट्या लॅपटॉपमध्ये जागा कमी म्हणून विंडोज हे करतं. अशा फोल्डरवर राईट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस करा, डाउनलोड होऊ द्या, हिरवी टिक आली की मग कॉपी. जागा पुरत नसेल तर एकेक फोल्डर घ्या.

मराठी टायपिंग करणाऱ्यांसाठी खास, श्रीलिपी किंवा कृतिदेव मध्ये टाईप केलेल्या जुन्या फाईल्स असतील तर फॉन्टचा पण बॅकअप घ्या. या फाईल्समध्ये आत साधी इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी दाखवतो. नवीन विंडोजवर फॉन्ट नसेल तर निमंत्रणपत्रिका उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि लोकांना वाटतं फाईल करप्ट झाली. कंट्रोल पॅनेलमध्ये फॉन्ट्स उघडा, तुमचे ते फॉन्ट शोधा, कॉपी करून डिस्कवर फॉन्ट नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. माझ्याकडे एका लग्नपत्रिका छापणाऱ्या काकांच्या दहा वर्षांच्या फाईल्स होत्या, सगळ्या शाबूत, फक्त फॉन्ट सापडत नव्हता, दोन दिवस त्यातच गेले.

दुकानाचा हिशेब टॅलीत असेल तर टॅली उघडून डेटाचा फोल्डर कुठे आहे ते तिथेच बघा, तो बहुतेक वेळा डॉक्युमेंट्समध्ये नसतो, आणि टॅलीचा स्वतःचा बॅकअप ऑप्शन आहे तो वापरा. आउटलुक वापरत असाल तर मेलची मोठी फाईल असते, ती आउटलुक बंद करून मगच कॉपी करा. क्रोमचे बुकमार्क आणि पासवर्ड गुगल अकाउंटला सिंक होतायत का एकदा सेटिंगमध्ये बघा.

कॉपी करताना एखाद्या मोठ्या व्हिडिओला फाईल खूप मोठी आहे असा एरर आला, आणि डिस्कवर जागा तर आहे, तर डिस्क फॅट३२ या जुन्या पद्धतीत फॉरमॅट केलेली आहे, त्यात ४ जीबीची एक फाईल मावत नाही. डिस्क रिकामी करून एनटीएफएस किंवा एक्सफॅट मध्ये फॉरमॅट करून घ्या, पुढे इमेज ठेवायलाही तेच बरं पडेल.

इमेज घेण्याआधी दोन गोष्टी, या चुकवू नका

पहिली, एन्क्रिप्शन, म्हणजे दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून डेटा कुलूपबंद करणं. नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, तुम्हाला कुणी विचारतही नाही. मग कधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदल केला की लॅपटॉप निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर रिकव्हरी की, म्हणजे या कुलपाची ४८ आकडी चावी, मागतो. ती की मायक्रोसॉफ्टच्या वेबसाईटवर तुमच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून मिळते, पण लॉगिन कुठल्या ईमेलचं आहे हेच लोकांना आठवत नाही, दुकानदाराने सेट करून दिलेलं असतं. म्हणून आत्ता, लॅपटॉप चालू असताना, सेटिंग्जमध्ये अकाउंट उघडून ईमेल बघा, की मिळवा आणि वहीत लिहून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये सेव्ह करून ठेवलीत तर उपयोग नाही. ४८ आकडे लिहायला कंटाळा येतो हे मला मान्य आहे पण लिहाच, सहा सहा आकड्यांचे आठ गट असतात, कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण लिहा, मग उलट तपासा.

इमेज घेण्यापुरतं एन्क्रिप्शन बंद करता येत असेल तर करा, सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन शोधा, ऑफ करा, थोडा वेळ लागतो, पूर्ण होऊ द्या. चालू ठेवलंत तर इमेज घेणाऱ्या सॉफ्टवेअरला आत कुठे डेटा आहे आणि कुठे रिकामं आहे ते कळत नाही, मग ते रिकाम्या जागेसकट सगळं जसंच्या तसं उचलतं, इमेज मोठी होते आणि वेळ जास्त जातो. पण बंद करून घेतलेली इमेज कुणालाही वाचता येते, आधार-पॅनचे स्कॅन सगळं त्यात आहे, तेव्हा ती डिस्क कपाटात कुलपात ठेवा. काम झालं की एन्क्रिप्शन परत चालू करा.

दुसरी, फास्ट स्टार्टअप. विंडोजमध्ये शटडाउन दाबलं तरी ते खरं पूर्ण बंद होत नाही, थोडं झोपेत गेल्यासारखं राहतं म्हणजे सकाळी लवकर चालू व्हावं, आणि मग इमेजवालं सॉफ्टवेअर सी ड्राईव्ह बघून सांगतं की हा हायबरनेट केलेला आहे, मी हात लावणार नाही. उपाय सोपा, शिफ्ट बटण दाबून धरा आणि धरलेलंच ठेवून शटडाउन वर क्लिक करा, त्या वेळेपुरतं पूर्ण बंद होतं.

बूट होणारा, म्हणजे ज्यावरून लॅपटॉप चालू होतो असा, पेन ड्राईव्ह

इमेजसाठी मी रेस्क्युझिला वापरते. फुकट आहे, उबुंटू लिनक्सवर (विंडोजसारखीच दुसरी, फुकट सिस्टिम) बनवलेलं आहे पण लिनक्स येण्याची गरज नाही, मोठी मोठी बटणं आहेत आणि नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं असतं. याचं मोठं भावंड म्हणजे क्लोनझिला, तैवानच्या सरकारी कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये तयार झालेलं, खूप दणकट पण निळ्या-करड्या स्क्रीनवर कीबोर्डनेच सगळं करायचं, नवीन माणूस गांगरतो. दोघांच्या इमेज एकमेकांना चालतात त्यामुळे कुठल्यानेही सुरुवात केली तरी अडत नाही.

रेस्क्युझिलाच्या साईटवरून आयएसओ फाईल, म्हणजे अख्ख्या सीडीसारखा एकाच फाईलमधला गठ्ठा, डाउनलोड करा, दीड जीबीच्या आसपास असते. मग ती पेन ड्राईव्हवर चढवणारं रूफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, इन्स्टॉल पण करावं लागत नाही. पेन ड्राईव्ह लावा, आणि बाहेरची हार्डडिस्क या वेळी काढून ठेवा, हे मी मुद्दाम सांगतेय, रूफस जो ड्राईव्ह निवडाल तो पुसून टाकतो आणि घाईत चुकीचा निवडला जाऊ नये म्हणून दुसरं काही लावलेलंच नको. रूफसमध्ये वर ड्राईव्हचं नाव आणि आकार नीट वाचा, सिलेक्ट दाबून आयएसओ निवडा, बाकी आहे तसं ठेवा, स्टार्ट. विचारलं तर आयएसओ इमेज मोड घ्या. पाच-दहा मिनिटांत होतं.

आता या पेन ड्राईव्हवरून लॅपटॉप चालू करायचा. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं. डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, आसुस लॅपटॉपला एस्केप, एसरला एफ१२ पण एसरमध्ये तो बूट मेन्यू आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागू शकतो. लेनोवोच्या काही छोट्या मॉडेलना कडेला बारीक भोक असतं, त्यात पिन टोचली की मेन्यू येतो. लोगो यायच्या आधीपासून बटण टकटक दाबत राहायचं, एकदा दाबून थांबायचं नाही. तरी जमलं नाही तर विंडोजमधूनच जा, स्टार्टमध्ये शिफ्ट धरून रिस्टार्ट करा, निळी स्क्रीन येते, त्यात यूज अ डिव्हाइस, आणि पेन ड्राईव्ह निवडा. ज्यांच्या लॅपटॉपचा कीबोर्ड बारीक आहे आणि एफ वाली बटणं एफएन सोबत दाबावी लागतात त्यांना हाच रस्ता बरा.

सिक्युअर बूटमुळे, म्हणजे अनोळखी सॉफ्टवेअरवरून लॅपटॉप चालू होऊ न देणाऱ्या सेटिंगमुळे, अडलं तर ते बायोसमध्ये तात्पुरतं बंद करता येतं, पण वर सांगितलं तसं, एन्क्रिप्शन चालू असताना हे केलं की विंडोज रिकव्हरी की मागणार. की वहीत असल्याशिवाय बायोसला हात लावू नका.

२०१३ ते २०१६ च्या सुमाराचे काही स्वस्त ॲटमवाले लॅपटॉप आणि कीबोर्डवाले टॅबलेट असे आहेत की प्रोसेसर ६४ बिटचा पण आतलं यूईएफआय, म्हणजे नव्या प्रकारचं बायोस, ३२ बिटचं. त्यांच्यावर ६४ बिटचा पेन ड्राईव्ह मेन्यूत दिसतच नाही आणि माणूस तासनतास रूफसला दोष देत बसतो. अशा वेळी क्लोनझिलाची ३२ बिट आयएसओ मिळाली तर ती वापरून बघा, माझ्याकडच्या अशा एका लॅपटॉपवर तीच चालली.

इमेज घेणं

चार्जर लावा, बॅटरी फुल असू द्या, लाईट जायचा वार असेल तर दुसरा दिवस धरा. बॅटरी बाद झालेल्या लॅपटॉपवर तर चार्जर हलणार नाही अशी जागा बघा.

रेस्क्युझिला उघडलं की बाहेरची डिस्क लावा आणि बॅकअप बटण दाबा. पहिला प्रश्न, कुठल्या ड्राईव्हचा बॅकअप. इथे यादीत सी, डी असं काही नसतं, लिनक्सची नावं असतात, त्यामुळे आकारावरून ओळखायचं. ३२ जीबीचा लॅपटॉप २९ किंवा ३१ असा काहीतरी दिसेल, १ टीबीची डिस्क ९३१ दिसू शकते, कारण कंपनी १००० ने मोजते आणि काही सॉफ्टवेअर १०२४ ने. ईएमएमसी असेल तर नावाची सुरुवात एमएमसी ने होते, ती तुमची आतली चिप. सोबत कधी ४ एमबीचे बारीक बूट नावाचे दोन तुकडे दिसतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

पुढे पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या आतल्या कप्प्यांची, यादी येते. १००-२०० एमबीचं एक, अगदी बारीक १६ एमबीचं एक, मग मोठं विंडोजचं, आणि शेवटी ५००-६०० एमबीचं किंवा मोठं रिकव्हरीचं. सगळ्यांवर टिक ठेवा. फक्त मोठं घेऊन बाकीची गाळली तर परत टाकल्यावर लॅपटॉप चालू होणार नाही, कारण पहिल्या बारीक पार्टिशनमध्येच विंडोज सुरू करायची फाईल असते.

मग कुठे ठेवायचं ते निवडा, म्हणजे बाहेरची डिस्क, त्यात इमेज नावाचं फोल्डर. बॅकअपचं नाव असं द्या की दोन वर्षांनी कळेल, ताई-लॅपटॉप-विंडोज१०-जानेवारी२०२६ सारखं, इथे इंग्रजी अक्षरंच वापरा आणि मध्ये स्पेस नको. कॉम्प्रेशन आहे तसं राहू द्या. सुरू करा आणि उठून जा. हे सॉफ्टवेअर फक्त भरलेली जागा कॉपी करतं, त्यामुळे ताईच्या लॅपटॉपवर २१ जीबी भरलेलं होतं त्याची इमेज १२ जीबीच्या आसपास झाली, पाऊण तास लागला. प्रोसेसर हळू आहे, घाई करून उपयोग नाही. यूएसबी पोर्ट आतून निळा असेल तर तो वापरा, तो वेगवान आहे.

एकच पोर्ट आहे आणि हबही नाही असं असेल तर क्लोनझिलाच्या सुरुवातीच्या मेन्यूत टू रॅम नावाचा पर्याय आहे, तो सगळं सॉफ्टवेअर रॅममध्ये ओढून घेतो, मग पेन ड्राईव्ह काढून त्याच पोर्टला हार्डडिस्क लावता येते. २ जीबी रॅमवरही मी हे केलेलं आहे.

झालं की लगेच बंद करू नका. रेस्क्युझिलामध्येच व्हेरिफाय बटण आहे, ते चालवा, पूर्ण इमेज वाचून तपासतं. मग इमेज एक्सप्लोरर उघडा, इमेज निवडा, विंडोजचं मोठं पार्टिशन निवडून माउंट करा, म्हणजे ते साध्या फोल्डरसारखं उघडतं, आणि आत यूजर्समध्ये जाऊन एखादा फोटो उघडून बघा. फोटो दिसला की मग मी बॅकअप झाला असं म्हणते, त्याआधी नाही. याचा दुसरा फायदा असा की पुढे कधी एकच फाईल चुकून डिलीट झाली तर अख्खा लॅपटॉप परत न टाकता तेवढीच फाईल यातून काढता येते.

आता डिस्क काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, व्हायरस आला तर तिच्यावरही जातो. जमेल तेव्हा दुसरी कॉपी दुसऱ्या घरात, माहेरी, भावाकडे. फोटोवाले लोक ३-२-१ म्हणतात, तीन कॉपी, दोन प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. तिसरी म्हणून महत्त्वाची कागदपत्रं गुगल ड्राईव्हवर टाका, १५ जीबी फुकट आहे, शाळेच्या सगळ्या प्रश्नपत्रिका त्यात सहज मावतात.

परत टाकणं

विंडोज सुरूच होत नाही, गोल फिरतंय, ऑटोमॅटिक रिपेअर येऊन परत तिथेच येतंय. आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, शेवटच्या बॅकअपनंतर तयार केलेल्या फाईल्स लॅपटॉपवर आहेत का? असतील तर आधी त्या काढा, कसं ते शेवटी सांगते. कारण इमेज टाकली की आत्ताचं सगळं पुसलं जातं आणि लॅपटॉप इमेजच्या तारखेला मागे जातो.

मग पेन ड्राईव्हवरून बूट करा, रिस्टोअर दाबा, डिस्कवरची इमेज निवडा, आणि कुठे टाकायची ते निवडताना थांबा. इथे चुकून बाहेरची डिस्क निवडली तर बॅकअपच पुसला जाईल. आकार बघा, नाव बघा, ३१ जीबीवालीच आहे ना परत बघा. पार्टिशन टेबल (कप्प्यांची मांडणी) पण लिहायचं का विचारेल, त्याच लॅपटॉपवर सगळंच परत टाकताय तर हो. घ्यायला लागला त्यापेक्षा वेळ सहसा कमीच लागतो. संपल्यावर बंद करा, पेन ड्राईव्ह आणि डिस्क काढा, चालू करा. पहिल्यांदा जरा वेळ घेतं. मग तारीख-वेळ बघा, अपडेट चालवा, आणि आठवड्याच्या फाईल्सच्या बॅकअपमधून नंतरच्या फाईल्स परत आणा.

इमेज ज्या आकाराच्या चिपवरून घेतली त्याहून लहान चिपवर टाकता येत नाही, थोडी कमी असली तरी अडतं. मोठ्यावर चालते.

इमेज नसेल तर विंडोज नव्याने टाकायचा रस्ता आहेच. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून ८ जीबीच्या पेन ड्राईव्हवर विंडोज घ्या. विंडोज ८ च्या पुढच्या, विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोजची की, म्हणजे परवान्याचा नंबर, मदरबोर्डवरच साठवलेली असते, टाईप करावी लागत नाही, त्याच एडिशनचं विंडोज टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं, दुकानात क्रॅकवालं घ्यायची काही गरज नाही. छोट्या लॅपटॉपवर नवीन विंडोज टाकल्यावर वायफायचा ड्रायव्हर बऱ्याचदा नसतो आणि तो डाउनलोड करायला नेट पाहिजे. मोबाईल केबलने जोडा, मोबाईलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपला नेट मिळतं, मग विंडोज अपडेट बाकीचे ड्रायव्हर आणतं.

विंडोज १० वाल्यांनी इमेजचं काम पुढे ढकलू नये असं मला मनापासून वाटतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि टीपीएम २ (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ३२ जीबीवाले लॅपटॉप त्यात बसतच नाहीत. बरेच जण आता त्यावर लिनक्स मिंट टाकून बघतायत, चांगलंच आहे, पण त्याआधी चालू विंडोजची इमेज घ्या, नाही आवडलं तर तासाभरात परत येता येतं.

बॅकअप नाहीच आणि लॅपटॉप बंद पडला

ताईसाठी याला उशीर झाला, पण तुमच्यासाठी नसेल. विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाईल्स गेल्या असं नाही. दुकानात द्यायच्या आधी, कुणी फॉरमॅट म्हणायच्या आधी, शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर वर सांगितला तसा रेस्क्युझिलाचा पेन ड्राईव्ह बनवा, त्यावरून लॅपटॉप चालू करा, आणि बॅकअप बटणाच्या नादी न लागता त्यातला फाईल मॅनेजर उघडा. डाव्या बाजूला लॅपटॉपचं मोठं पार्टिशन दिसतं, त्यावर क्लिक केलं की आत यूजर्स, तुमचं नाव, डेस्कटॉप. फास्ट स्टार्टअपमुळे ते फक्त वाचण्यापुरतं उघडेल, चालतं, आपल्याला वाचायचंच आहे. एन्क्रिप्शन असेल तर की लागेल, ती वहीत आहे ना बघा. बाहेरची डिस्क लावा, फोल्डर कॉपी, पेस्ट. कॉपी संपल्यावर डिस्क नीट इजेक्ट करा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, चार-पाच फाईल्स उघडून बघा, आणि मगच दुकानदाराला सांगा की आता फॉरमॅट मारला तरी चालेल.